कर्ता ओळखा

पिसाळ सर आतल्या खोलीतून बाहेर आले ते खडू मागतच.

आतली खोली म्हणजे आमच्या केंद्रातली पहिल्या आठवड्याची खोली. नवा माणूस आला की सात-आठ दिवस तिथंच. सलाईन, गोळ्या, इंजेक्शनं, पातळ खिचडी आणि उशाशी पाळीपाळीनं कुणीतरी बसलेलं. तिथून सुटलेला माणूस आधी बिडी मागतो, नाहीतर घरी फोन लावून द्या म्हणतो. खडू मागणारा मी तोवर पाहिला नव्हता.

"तो फळा बघा," सर व्हरांड्यातल्या सगळ्यांना म्हणाले. "‘व्यसनमूक्ती’. मू दीर्घ! सात दिवस खिडकीतून हेच दिसतंय मला. निम्मा ताप त्यानंच चढला."

फळा लिहिला होता इस्माईल मुल्लानं. इस्माईल ट्रक ड्रायव्हर. त्यानं निमूटपणे खडू आणून दिला. सरांचा हात चांगलाच थरथरत होता, पण दीर्घ पुसून ऱ्हस्व उकार असा काही वळणदार काढला की इस्माईलच्या तोंडून "वा!" निघालं.

मी कोपऱ्यात सगळ्यांकडे पाठ करून लसूण सोलत होतो. आवाज ऐकला तेव्हाच मान आणखी खाली घातली होती. पाचवी ते सातवी या माणसानं मला मराठी शिकवलं होतं. सातवीनंतर माझी शाळा सुटली, त्याला पंचवीस वर्षं झाली होती.

"सुतार ना रे तू? हणमंत सुतार?"

शाळेत मी नेहमी पाठ फिरवूनच बसायचो, त्यामुळं सरांना माझी पाठ चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीची असणार.

"व्हय, सर."

"इथं काय करतोयस?"

"तुम्ही जे करताय तेच, सर."

सगळे हसले. सरही हसले, इतके की भिंतीला धरून खाली बसावं लागलं त्यांना. मी उठून पाणी दिलं. बासष्ट वर्षांचे सर, गालफडं बसलेली, डोळे पिवळट, आणि सदऱ्याची सगळी बटणं मात्र गळ्यापर्यंत लावलेली. मला एकदम भरून आलं. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, आनंदच झाला.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. आमचं केंद्र विट्याच्या पुढं माळावर, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये होतं. आसपासची माणसं त्याला पोल्ट्रीच म्हणायची. ‘अमक्याला पोल्ट्रीत घातलाय’ म्हटलं की पुढचं विचारावं लागत नसे. मुक्काम पंचेचाळीस दिवसांचा. सकाळी व्यायाम आणि प्रार्थना, मग गट, म्हणजे सगळ्यांनी गोल बसून आपापलं सांगायचं. दुपारी अंजूताईंशी एकेकट्यानं बोलायचं, मग स्वयंपाकघराची पाळी, मंगळवारी डॉक्टर बाबर, रविवारी घरची माणसं. मी मोटारींचं वाइंडिंग करणारा माणूस, मला ही पद्धत पटायची. जळालेली मोटार आधी पूर्ण उघडावी लागते, जळकी तार सगळी ओढून काढावी लागते, तेव्हा कुठं नवी भरता येते. पटायची म्हणजे दुसऱ्यांच्या बाबतीत.

अंजूताई शेटे आमच्या समुपदेशक. तिशीची, काटकुळी बाई, पण चाळीस दारुड्यांना धाकात ठेवायची. गटात त्यांचा एकच नियम होता: बोलायची सुरुवात ‘मी’पासून करायची.

"मालकानं लई पळवलं, झोप न्हाई, म्हणून मग..." इस्माईल सुरू करायचा.

"मी, इस्माईलभाई."

"मी... मला मालकानं लई पळवलं."

"मालक इथं ॲडमिट नाही. मी म्हणा."

सरांपुढं मात्र ताईंची जीभ रेटायची नाही. सर बोलायला लागले की त्या वही मिटून ऐकायच्या. त्यांच्या रिपोर्टातलं शुद्धलेखनही सरांनी एकदोनदा दुरुस्त करून दिलं होतं. माझी तर गोष्टच सोडा, मी सरांसमोर अजून खाली मान घालून उभा राहायचो.

आठवड्याभरात सरांनी अख्खी पोल्ट्री जिंकली. सगळ्यांची पत्रं तेच लिहून द्यायचे. इस्माईलच्या बायकोला असं पत्र गेलं की तिनं घाबरून केंद्रात फोन केला. "त्यांची तब्येत बरी हाय न्हवं?" ती विचारायला लागली. "पत्रात ‘प्रिय’ लिवलंय." महिनाभर आम्ही इस्माईलला प्रियभाई म्हणत होतो. एकदा दुपारी माझ्या पोटऱ्यांना गोळे आले, तर सर तेलाची वाटी घेऊन आले आणि पाय चोळायला बसले. मी पाय ओढून घेतले. "गप पड, गाढवा," ते म्हणाले. इतक्या मायेनं मला गाढव कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या मंगळवारी मी व्हरांड्यात पाण्याची मोटार उघडून बसलो होतो. शेजारीच डॉक्टर बाबर सरांच्या मुलीशी, उज्ज्वलाशी बोलत होते. उज्ज्वला तिशीच्या पुढची, शांत, सरांसारखीच ताठ. तिची आई जाऊन बारा वर्षं झाली होती, भाऊ नव्हता, सरांचं सगळं तीच बघायची.

"लिव्हर फार खराब झालंय," डॉक्टर म्हणाले. "आता थांबले तर सावरतील. पुन्हा सुरू झाली तर मात्र वर्ष काढणार नाहीत. पूर्ण पंचेचाळीस दिवस राहू देत त्यांना."

"राहणार नाहीत," उज्ज्वला म्हणाली. "याआधी दोन ठिकाणी ठेवलं होतं. दोन्हीकडून वीस दिवसांत घरी आले. दोन्हीकडचे लोक म्हणाले, असा गुणी पेशंट पाहिला नाही."

"मग?"

"मग आठवड्यात सुरू."

तिच्या आवाजात तक्रारसुद्धा नव्हती. मी हातातला पाना खाली ठेवला आणि उगाचच पुन्हा उचलला.

आणि झालं तसंच. विसाव्या दिवशी सरांनी अर्ज दिला, अर्थातच एकही चूक नसलेला. तब्येत सुधारली आहे, घरी जाण्याची परवानगी मिळावी. केंद्रात कुणाला डांबून ठेवत नसत, पण मुदतीआधी जायचं तर एक रीत होती. शनिवारी सगळ्यांसमोर, घरच्या माणसासमोर आपली आपबीती सांगायची. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला शंका असेल तर त्यानं विचारायची. शंका नसेल तर खुशाल जावं.

शनिवारी सर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. उज्ज्वला दाराजवळच्या खुर्चीवर बसली. मांडीवर रिकामी निळी बॅग होती, त्यांचे कपडे न्यायला आणलेली.

सर बोलायला लागले आणि आम्ही सगळे पुन्हा शाळेत गेलो. काय ते बोलणं!

"पत्नीचं निधन झालं आणि घर रिकामं झालं. संध्याकाळ अंगावर यायची. अशाच एका संध्याकाळी थोडी घेतली गेली. मग सवय जडत गेली. उज्ज्वलाचं लग्न ठरलं. लग्नाच्या दिवशी सकाळी मन फार कातर झालं आणि जरा जास्तच घेतली गेली. मुहूर्त आला आणि निघून गेला. कन्यादान मामाच्या हातून झालं. मांडवात बापाची जागा रिकामी राहिली. त्या रिकाम्या जागेचा सल आज नऊ वर्षं उरात आहे."

इस्माईल टॉवेलात तोंड घालून हुंदके देत होता. अंजूताईंनी डोळ्यांना पदर लावला होता. मीही रडत होतो, आणि रडता रडता माझी नजर उज्ज्वलाकडे गेली.

ती रडत नव्हती. ती बॅगेच्या चेनशी चाळा करत होती आणि तिचे ओठ हलत होते. मी नीट पाहिलं. सर पुढचं वाक्य बोलायच्या आधी ते वाक्य तिच्या ओठांवर येत होतं. पाठ होतं तिला सगळं, अगदी कातर आणि सल यांच्यासकट.

माझं रडू तिथल्या तिथं आटलं. मी पहिल्यांदाच सरांच्या आवाजाकडे लक्ष न देता वाक्यांकडे लक्ष दिलं. निधन झालं. घेतली गेली. सवय जडत गेली. जागा रिकामी राहिली. सगळं आपोआप झालेलं. पंधरा मिनिटांच्या बोलण्यात एकदाही ‘मी’ नव्हता. आम्हा अडाण्यांना ताई एकेका ‘मी’साठी रडवायच्या, आणि ह्या माणसानं तो असा काही चुकवला होता की कुणाच्या लक्षातही येऊ नये.

"कुणाला काही शंका?" ताईंनी घसा साफ करून विचारलं.

सरांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. उज्ज्वलानं बॅगेची चेन उघडली. तो आवाज मला ऐकवला नाही. आज ह्या बॅगेत सरांचे कपडे गेले की आठवड्यात सुरू, आणि वर्षात सर नाहीत, हे त्या खोलीत उज्ज्वलाला आणि मला नक्की ठाऊक होतं. पण बोलायचं म्हणजे ज्यांनी कालपरवा माझे पाय चोळले त्यांना त्यांच्या लेकीसमोर उघडं पाडायचं. माझा हात वर गेला तो शाळेत जायचा तसाच, अर्धवट.

"सर, एक शंका हाय."

"विचार, हणमंता." सर हसून म्हणाले. विद्यार्थ्यानं हात वर केला की त्यांना आनंदच व्हायचा.

"‘घेतली गेली’ म्हणालात न्हवं. त्यात कर्ता कुठला?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सरांचा चेहरा खुलला. "हे बघ, हा झाला कर्मणी प्रयोग. ह्यात काय होतं, कर्ता जो असतो तो..."

आणि थांबले.

"प्रयोगबियोग मला तवाबी आलं न्हाईत, सर," मी म्हणालो. "पण तुम्ही शिकवलेलं एकच डोक्यात राहिलंय. कर्ता घावत नसला तर क्रियापदाला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण’ विचारायचं. राजू आंबा खातो. खाणारा कोण? राजू."

"बरं, मग?"

"मग पिणारा कोण, सर?"

सरांचे पिवळे डोळे माझ्यावर रोखलेले, आणि मानेची शीर टरारून आलेली.

"सुतार! बाहेर हो वर्गातून!"

आणि मी उठलो की! खरोखर उठून दारापर्यंत गेलो. सदतिसाव्या वर्षी, दोन लेकरांचा बाप.

"हणमंतराव, बसा जागेवर." हे अंजूताई म्हणाल्या. वही त्यांनी पुन्हा उघडली होती. "सर, त्यांनी शंका विचारलीये. उत्तर द्या."

"माझा अपमान करायला बसवलंय का मला इथं? उज्ज्वला, चल. ऊठ."

उज्ज्वला उठली नाही. बॅग छातीशी धरून ती बापाकडे बघत राहिली.

"नाना," ती हळूच म्हणाली, "द्या की उत्तर."

सर उभेच होते. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. अख्ख्या तालुक्यात ज्यांच्यासारखं मराठी कुणी बोलत नसे, त्या माणसाला एक अक्षर सापडेना.

"मी," ते म्हणाले. "मी प्यालो. लग्नात. मी खोलीत होतो, वरच्या. तू दार वाजवत होतीस. शालू होता अंगावर तुझ्या... नाना, नाना करत होतीस. मी... ऐकलं मी. मी कडी काढली नाही."

"मला वाटलं तुम्हाला शुद्ध नव्हती," उज्ज्वला म्हणाली.

"होती."

"नऊ वर्षं मला वाटतंय, मी अजून जोरात हाक मारायला पाहिजे होती."

"नाही गं. ऐकू आलं होतं मला. मी काढली नाही कडी. मी बाटली संपवत होतो."

एकही वाक्य धड नव्हतं. कोणत्याही परीक्षेत सरांनी त्याला लाल शाईनं खोडलं असतं. आणि उज्ज्वला तोंडावर हात दाबून जी रडायला लागली ती थांबेचना. सर जागेवरून हलले, तिच्यापर्यंत गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि मधेच थांबले. तिनंच तो हात ओढून डोक्यावर घेतला.

बऱ्याच वेळानं ती उठली. डोळे पुसले. रिकाम्या बॅगेची चेन लावली आणि बॅग खांद्याला अडकवली.

"मी पुढच्या रविवारी येते, नाना. डब्यात काय आणू?"

"शेंगदाण्याची चटणी," सर म्हणाले. "नाही आणलीस तरी चालेल. तू ये."

सर पंचेचाळीस दिवस राहिले. वर आणखी एक महिना स्वतःहून राहिले. त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी थेंबाला हात लावला नाही. दर गुरुवारी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही बैठक घ्यायचो. सर फळ्यावर सुविचार लिहायचे आणि मी चहा करायचो. लोकांना मी आजवर गोष्ट सांगतो ती एवढीच. सरांचं नाव झालं, माझंही थोडं झालं.

पण माझी गोष्ट त्या शनिवारी संपली नव्हती. ती रविवारी दुपारी झाली आणि ती मी फारशी कुणाला सांगत नाही.

शनिवारपासून सर माझ्याशी बोलले नव्हते. जेवायच्या पंगतीत लांब बसले. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, जगले म्हणजे झालं, नाही बोलले तरी चालेल. चालणार नव्हतं, पण म्हटलं. दुपारी मी मागच्या ओट्यावर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. सर आले, पाट ओढून समोर बसले आणि टोपलीतून मूठभर शेंगा घेतल्या.

"हणमंता, तू सातवीला नापास झालास."

"व्हय, सर. मराठीत. अकरा मार्क."

"अजून लक्षात आहेत?"

"अकरा मार्क कोण इसरतंय, सर?"

निकाल बघून आमच्या बापानं दुसऱ्या दिवशी मला विट्यातल्या वाइंडिंगच्या दुकानात नेऊन बसवलं होतं. ह्याच्या डोक्यात काय शिरत नाही, हाताला तरी वळण लावा, असं मालकाला सांगून. तेव्हापासून मी ढ. मीही तसंच धरून चाललो होतो.

"ते अकरा मार्क मी दिले," सर म्हणाले.

"तुम्हीच देणार की, सर. मराठी तुमच्याकडंच हुतं."

"तसं नाही." त्यांनी हातातली शेंग फोडली, पण दाणे काढले नाहीत. "पेपर दुसऱ्या दिवशी परत द्यायचे होते. गठ्ठा आडनावाप्रमाणं लावलेला. मी प्यायला बसलो. वरचे पंचवीस-तीस वाचले असतील. शिंदे, सावंत, सुतार... तुम्ही सगळे तळाशी. तुमच्यापर्यंत मी पोचलोच नाही. सकाळी उठून मनाला येतील ते मार्क टाकले. कुणाला चाळीस टाकले, कुणाला अकरा."

"पण सर," मी म्हणालो, "तवा तर तुमच्या बाई हयात हुत्या. तुम्ही म्हणालात, बाई गेल्यावर सुरू झाली."

"बाई होती. दारूही होती."

मी हातातली शेंग खाली ठेवली. "म्हंजे मी पास हुतो?"

"माहीत नाही, हणमंता. मी वाचलाच नाही तुझा पेपर."

राग आला. इतका राग मला बापाचाही आला नव्हता. ती टोपली उचलून त्यांच्या अंगावर फेकावी असं वाटलं. पंचवीस वर्षं! कुठल्याही फॉर्मवर ‘शिक्षण’ असं दिसलं की माझा हात थांबायचा. बायकोच्या माहेरी चार शिकलेली माणसं बसली की मी उठून बाहेर जायचो, आणि बाहेर म्हणजे कुठं ते सांगायला नको. मला शिकायला मिळालं असतं तर, माझ्यावर कुणी विश्वास ठेवला असता तर. अंजूताईंसमोर रोज मी ‘मी’नं सुरुवात करायचो आणि वाक्य दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचो.

आणि आज त्या दुसऱ्यानं स्वतः येऊन कबूल केलं होतं. पिणाऱ्या प्रत्येक माणसाकडे कारणं असतात. पण शंभर टक्के खरं, करणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं कारण जन्मात एखाद्यालाच मिळतं. ते माझ्यासमोर पाटावर बसलं होतं. पुढची वीस वर्षं मला ते आरामात पुरलं असतं.

सर मान खाली घालून बसले होते. माफी मागितली नव्हती त्यांनी. मागितली असती तर कदाचित मी टोपली फेकलीच असती. फोडलेली शेंग तशीच त्यांच्या बोटांत होती. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि दाणे पातेल्यात टाकले.

"नापास तुम्ही केलंत, सर," मी म्हणालो.

"हो."

मी टोपलीतून आणखी एक शेंग घेतली आणि सोलली.

"पण प्यालो मी."